भाऊले इचारा

१ जुलै हा दिवस आमच्या वाशिम जिल्ह्यात इतका गर्दीचा असतो की त्या दिवशी गेलेल्या माणसाला खांदेकरी मिळणं अवघड. वसंतराव नाईकांची जयंती म्हणून कृषी दिन. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्यामुळे डॉक्टरांचा दिवस. १९९८ साली याच तारखेला आपण अकोल्यातून वेगळे निघालो, म्हणून खुद्द जिल्ह्याचा वाढदिवस. त्यात रिसोड तालुक्यातल्या साठीपुढच्या पुरुषांचे वाढदिवस धरा. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा उघडायच्या आणि नाव घालायला आलेल्या मायनं ‘पोयाच्या आदल्या दिशी झाला’ एवढाच पुरावा दिला, तर गुरुजी तरी दाखल्यावर दुसरं काय लिहिणार? १ जुलै! आमच्याकडे निवृत्तीचे कार्यक्रमही मग घाऊकच होतात.

या सगळ्यात भर म्हणून त्याच दिवशी सेवाभावी क्लबांचं नवं वर्ष लागतं. जुने अध्यक्ष गळ्यातली कॉलर काढतात, नवे घालून घेतात. सचिव गेल्या वर्षीचाच अहवाल नव्या तारखेनं वाचतात. बाहेरगावचे प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा येतात आणि वेळेचं महत्त्व सांगतात. पदग्रहण म्हणतात याला. हे क्लब दोन, दोन्ही शिकागोत जन्मलेले. थोरला २३ फेब्रुवारी १९०५चा. पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर आणि एक शिंपी जमवून तो काढला. धाकटा १९१७चा, मेल्व्हिन जोन्स नावाच्या विमावाल्याचा. वकील, व्यापारी, इंजिनिअर, शिंपी आणि विमा एजंट एवढी माणसं रिसोडच्या बस स्टँडसमोर चहाला रोजच जमतात. पण त्यांना कधी जागतिक संघटना काढायचं सुचलं नाही, कारण चहाचे पैसे कोणी द्यायचे हा पहिलाच ठराव अजून मंजूर व्हायचा आहे.

दोहोंपैकी आमचा क्लब कोणता, ते मी सांगणार नाही. पुढचं वाचून दोन्हीकडची मंडळी ‘हे तुमच्याकडचं’ म्हणतील आणि तेच बरं. या क्लबांत पदं मोठी गमतीची असतात. एकीकडे ‘टेल ट्विस्टर’ असतो. सभासदांना गमतीखातर दंड ठोकणं हे त्याचं काम. त्याच्या दंडावर अपील नाही आणि त्यालाच दंड करायचा तर हजर असलेल्या झाडून सगळ्यांचं एकमत लागतं. रिसोडात झाडून सगळ्यांचं एकमत एकाच मुद्द्यावर होतं, की जेवण आधी आणि भाषणं मागून. त्यामुळे आमच्याकडे हे पद फार सुरक्षित. दुसरं पद म्हणजे झेंडे, बॅनर, घंटा, हातोडा असलं क्लबाचं सामान सांभाळणाऱ्याचं. बैठकीआधी ते मांडायचं, बैठक संपली की उचलून कुलपात ठेवायचं. एक क्लब त्याला ‘लायन टेमर’ म्हणतो, दुसऱ्या क्लबात तेच काम ‘सार्जंट ॲट आर्म्स’कडे. आमच्याकडे त्या पदाला ‘भाऊले इचारा’ म्हणत.

सतरंज्या कुठं आहेत? भाऊले इचारा. माइकवाल्याचं मागचं बिल दिलं का? भाऊले इचारा. मेहकरहून येणारे पाहुणे गोड खातात का? भाऊले इचारा. भाऊ गेले त्या सकाळी त्यांच्या घरापुढं जमलेल्या मंडळींत कुणीतरी ‘वैकुंठरथाची चावी कोणाकडं असते?’ असं विचारलं, आणि दोघं-तिघं एका सुरात नेहमीचं उत्तर देऊन बसले.

भाऊंचं भांड्यांचं दुकान. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावरून भाव विचारायचा. आत छतापर्यंत गंज, पराती, कोपरं, डबे. उंबऱ्याजवळ एका स्टुलावर भाऊ, हातात भांड्यावर नाव घालायचं विजेचं पेन. टर्रर्र असा आवाज करत ते पेन स्टीलवरून जायचं आणि मागं ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उमटायची. अक्षर मात्र सुरेख! तालुक्यातल्या कुठल्याही घरच्या ताटाखाली बघा, कोणाच्या लग्नात कोणत्या मामानं काय दिलं याचा लेखी पुरावा भाऊंच्या हस्ताक्षरात सापडेल. वाटण्यांच्या वेळी भावाभावांत तंटा झाला की पंच मंडळी आधी भांडी पालथी घालायची. भाऊंच्या उजव्या अंगठ्याचं नख धातूच्या कसपटानं कायम काळं असे. या नखाकडे लक्ष असू द्या, ते पुढं कामी येणार आहे.

क्लबानं रुग्णांसाठी साहित्य द्यायचं ठरवलं तेव्हा ही कोरण्याची जबाबदारी साहजिकच भाऊंकडे आली. योजना चांगली होती. वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, हवेची गादी, बेडपॅन, असलं जे सामान घरात दोन-चार महिनेच लागतं ते माफक डिपॉझिट ठेवून न्यावं, गरज संपली की आणून द्यावं. भाऊंनी रात्री बसून सगळ्या वस्तूंवर क्लबाचं नाव घातलं. पण हाताला सवय लग्नातल्या भांड्यांची. बेडपॅनवर क्लबाचं नाव, स्थापनेचं साल आणि खाली, वेलबुट्टीसह, ‘सप्रेम भेट’.

पहिला सगळा घाणा तसाच गेला. एकही वस्तू परत येईना. सचिवांनी एका घरी जाऊन विचारलं, तर घरधन्यानं बेडपॅन उलटा करून दाखवला. म्हणाला, “हे पाहा साहेब, वाचता येते मले. भेट देल्लेली वस्तू कोनी वापस मांगते काय बापा?” बिनतोड मुद्दा होता. मग भाऊंनी दुसऱ्या घाण्यात चूक दुरुस्त केली. मात्र कोरलेलं खोडता येत नाही, आणि आधीच्यांतले जे दोन-चार नग कसेबसे हाती आले त्यांच्यावर खाली नवी ओळ वाढवण्यापलीकडे इलाज नव्हता. ते नग अजून क्लबाच्या कपाटात आहेत. त्यांवर लिहिलंय, ‘सप्रेम भेट. वापरून परत करणे.’ आप्तेष्टांच्या भेटवस्तूंवर आपल्या सगळ्यांच्या मनात जे असतं ते इतक्या स्वच्छ अक्षरांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

दिलेली वस्तू परत आणणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. माणूस बरा झाला तर प्रश्न नाही, तो स्वतःच वॉकर आणून आदळतो. अडचण होते ती माणूस गेल्यावर. मेल्याघरी जाऊन ‘ती कमोडची खुर्ची’ असं तोंडानं कसं म्हणायचं? भाऊंनी याचं शास्त्र बसवलं होतं. दहाव्याच्या आत जायचं नाही, ते वाईट दिसतं. तेरवी टळू द्यायची नाही, कारण तेरवीला सगळे पाहुणे जमतात, प्रत्येकाच्या घरी कुणी ना कुणी म्हातारं असतंच, आणि तेरवीचं जेवण होऊन पाहुणे पांगले की खुर्ची पुसदला पोचलेली असते. म्हणून भाऊ अकराव्या नाहीतर बाराव्या दिवशी जायचे. गेल्या गेल्या विषय काढायचे नाहीत. ओसरीवर बसायचे, म्हातारीच्या हातच्या रोडग्यांची आठवण काढायचे, सोयाबीनला काय भाव मिळाला ते विचारायचे. घरातली बाईच मग म्हणायची, “भाऊ, ते तुमचं खुर्चं घेऊन जा बरं, पाह्यलं की रडू येते.” भाऊ खुर्ची सायकलच्या कॅरिअरला उलटी बांधून भर बाजारातून दुकानावर घेऊन यायचे. ते पाहून गावाला बारावा कोणाकडं आहे ते कळायचं.

भाऊंच्या दुकानाचा आणखी एक उपयोग आम्हांला पल्स पोलिओच्या काळात कळला. १९९५ला ही मोहीम सुरू झाली तेव्हा बूथवर बसायला माणसं लागत, आणि शिकागोच्या थोरल्या भावंडानं तर १९८५पासूनच जगभर पोलिओ हटवायचा विडा उचललेला. कुठल्या घरी पाच वर्षांखालचं पोर आहे याची यादी सरकारकडे असायची, पण तिच्यावर भाऊंचा विश्वास नव्हता. त्यांचा हिशेब सरळ. कोणाच्या लग्नाच्या भांड्यांवर कधी नावं घातली ते त्यांना पाठ. त्यात एक-दीड वर्ष मिळवायचं आणि त्या घरी जाऊन थडकायचं. “पोरगं घरात नाही” असं कुणी म्हणालं की भाऊ दोरीवर वाळत घातलेल्या लंगोटांकडे नुसतं पाहायचे. एका घरी मात्र गणित चुकलं. लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हललेला नव्हता, आणि दारात डोसची पेटी घेऊन आलेल्या भाऊंना पाहून सासूनं सुनेकडे असं काही पाहिलं की पुढच्या आठवड्यात भाऊंनीच त्या जोडप्याला वाशिमच्या डॉक्टरांकडे नेलं. २७ मार्च २०१४ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा त्या घरचं पोरगं बालवाडीत होतं. पेढे भाऊंनी दुकानात वाटले. ते देशाचे होते की त्या पोराचे, हे कोणी विचारलं नाही.

डोळ्यांचं शिबिर हा आमच्या क्लबाचा मानाचा कार्यक्रम. १९२५ साली ओहायोत धाकट्या क्लबाच्या अधिवेशनात हेलन केलर बोलायला उभी राहिली आणि अंधांसाठी लढणारे सरदार व्हा, असं तिनं त्यांना विनवलं. तिथून डोळे हा विषय त्यांच्या गळ्यात पडला तो कायमचा. हे सगळं उद्घाटनाच्या भाषणात दरवर्षी येतं. पण शिबिर कधी ठेवायचं हे हेलन केलरनं सांगितलेलं नाही, ते भाऊंनी सांगितलं. अध्यक्षांना ते ऑगस्टमध्ये हवं असायचं, त्यांच्या वर्षात लवकर फोटो यावेत म्हणून. भाऊ म्हणायचे, “ऑगस्टात कोण येते साहेब? निंदन कोन करीन?” सोयाबीन निघून दिवाळी आटोपली पाहिजे आणि तूर कापायला यायच्या आत माणूस परत वावरात उभा राहिला पाहिजे. मधले जे तीन-चार आठवडे, त्यात रिठद, केनवड, वाकद, मोप, हराळचे डोळे मोकळे असतात. ऑपरेशननंतर डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, वाकायचं नाही, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं डॉक्टर सांगतात. ही तिन्ही पथ्यं पाळता येतील असा काळ शेतकऱ्याच्या आयुष्यात वर्षातून तेवढाच येतो.

नोंदणीच्या टेबलाशी भाऊंना बसवलं की रांग भराभर सरकायची. कित्येक म्हाताऱ्यांच्या डोक्यात अजून जुनं शास्त्र असतं, की मोतीबिंदू आंब्यासारखा पिकू द्यावा आणि मगच उतरवावा. पूर्वी डॉक्टरही थांबायला सांगत. आता लेन्स बसवतात, थांबायची गरज उरलेली नाही. भाऊ ते असं समजावून सांगत की शिबिराच्या डॉक्टरनं मान डोलवावी. मग प्रत्येकाच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, म्हणजे कोणता डोळा करायचा त्यात घोटाळा नको. एका आजीला त्यांनी विचारलं, “कोनता डोया दाखवाचा हाये माय?” आजी म्हणाली, “दोनीही देवाचेच हायेत बापा, तुले कोनता पायजे तो घे.” भाऊंनी तिच्या दोन्ही भुवयांवर पट्टी लावली आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही बाई आपल्या म्हणण्यानं काहीही करू देईल, तेव्हा तुम्हीच नीट पाहा.

रुग्णांना न्यायला एस.टी. ठरवायची तीही आगारात जाऊन भाऊंनीच. एका रुग्णामागं एक सोबती हा नियम कागदावर. प्रत्यक्षात सोबत्यामागं नातू असतो, नातवामागं खाऊ असतो. भाऊ हिशेब ‘एका डोळ्यामागं अडीच माणसं’ असाच धरायचे आणि आलूभात तेवढ्यांचा टाकायचे. एका वर्षी नव्या कोषाध्यक्षांनी नियमाप्रमाणे स्वयंपाक सांगितला. त्या रात्री क्लबाचे सगळे पदाधिकारी उपाशी झोपले. सेवा म्हणून त्याची बातमी पेपरात यायला हवी होती. चार दिवसांनी काळे गॉगल लावलेली सत्तर-ऐंशी मंडळी बस स्टँडवर उतरली की आमच्या गावाला काही काळ सिनेमाची कळा यायची. भाऊ त्यांच्यात फिरत गॉगलवरची स्टिकरं काढायचे. ती राहू दिली तर म्हातारे वर्षभर गॉगल घालत नाहीत, नवा म्हणून ट्रंकेत ठेवून देतात.

भाऊंचं एक दुःख होतं. रक्तदान शिबिरं त्यांनी उदंड भरवली, पण स्वतःचं रक्त देता आलं नाही. वजन लागतं पंचेचाळीस किलो, आणि भाऊ आयुष्यभर त्या काट्याच्या अलीकडेच राहिले. पहिल्या शिबिराला ते पहिले उभे राहिले, काटा त्रेचाळीसवर. पुढच्या वेळी पंचेचाळीसच्या वर दिसला तेव्हा तंत्रज्ञ पोरगी खूश झाली. मग तिला खिशाचा फुगवटा दिसला. क्लबाच्या हॉलच्या, शाळेच्या, वैकुंठरथाच्या आणि कपाटांच्या चाव्यांचा जुडगा आत होता. “काका, चाव्या काढा,” ती म्हणाली. भाऊ म्हणाले, “त्या काढल्या तर माह्यात काय उरते पोरी?” तिनं त्यांना तरीही बिस्किटांचा पुडा दिला. भाऊंनी तो घेतला नाही, रक्त न देता बिस्किट खाणं त्यांना चोरी वाटे. आमच्यात असेही सभासद होते ज्यांना बिस्किट न खाता रक्त देणं मंजूर नव्हतं. असो.

वृक्षारोपणाचं वेगळं सांगायला नको. एक रोप, त्याला लागलेले सोळा हात, आणि रोप बिचारं फोटोत कोणालाच दिसत नाही. भाऊंनी कृषी दिनाच्या या सोहळ्यात एकच सुधारणा केली. खड्डा कुठं घ्यायचा ते त्यांनी अध्यक्षांच्या हातून काढून घेतलं. पंक्चरवाला, चप्पल शिवणारा, रसवंतीवाला, उन्हात बसून धंदा करणारा कोणीही शोधायचा आणि त्याच्या डोक्यावर सावली पडेल अशा बेतानं कडुनिंब लावायचा. अध्यक्ष गाडीत बसून गेले की पंक्चरवाला टपातलं पाणी त्याच झाडाला ओततो, त्याला ठराव लागत नाही. त्यातली बरीच झाडं आता मोठी झाली. बाकीच्या अध्यक्षांनी माळरानावर लावलेल्या जंगलांचे फोटो मात्र फार सुंदर आहेत.

भाऊंना अध्यक्ष करायचं दरसाल निघे. ते दरसाल हसून टाळत. कॉलरवर अध्यक्षांच्या नावाच्या पट्ट्या असतात, त्या सगळ्या त्यांनीच कोरलेल्या. “आपलं नाव आपनच घालायचं, हे काही बरं दिसत नाही,” म्हणत. आमच्या वऱ्हाडात याला आधार आहे. ज्या २३ फेब्रुवारीला शिकागोत तो पहिला क्लब निघाला, त्याच तारखेला एकोणतीस वर्षं आधी, १८७६ साली, शेंडगावात डेबूजी जन्मला. त्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी खराटा हातात घेतला, बॅनर बांधल्याचं ऐकिवात नाही. माझी मूर्ती नको, समाधी नको, असं बजावून बाबा गेले. आपण त्यांची समाधी बांधली, पुतळे बसवले, विद्यापीठालाही नाव दिलं. बाबांचं ऐकलं नाही तिथं भाऊंचं कोण ऐकणार? शोकसभा ठरली.

शोकसभेसाठी प्रथम फोटो हवा. क्लबाचे सारे अल्बम उपसले. प्रत्येक कार्यक्रमाच्या फोटोत भाऊ होते, पण बॅनरच्या मागे. रांगेत उभे राहणारे पंधरा चेहरे, आणि बॅनरच्या उजव्या टोकाला त्याची दोरी धरलेली चार बोटं नि एक काळ्या नखाचा अंगठा. अल्बमामागून अल्बम, अध्यक्ष बदलत गेलेले, टक्कल वाढत गेलेलं, अंगठा तोच. शेवटी कुणाच्या तरी लग्नातला एक फोटो मिळाला. भाऊ पंगतीत वरण वाढत होते, डोळे खाली, वाटीकडे. फ्लेक्सवाल्या पोरानं तो संगणकावर मोठा केला आणि म्हणाला, “डोळे मिटलेले दिसून रायले काका. दुसऱ्या कोनाचे लावून देऊ काय? समजत नाही कोनाले.” एवढी शिबिरं भरवणाऱ्या भाऊंना नेत्रदानाचा हा प्रकार ठाऊक नव्हता. आम्ही नको म्हटलं. त्यामुळे फ्लेक्सवरचे भाऊ शेवटपर्यंत आपल्या पुढ्यातल्या श्रोत्यांना वरण पुरलं की नाही हेच बघत राहिले.

सभा सहाची. हॉलचं कुलूप सव्वासातला उघडलं. जुडगा होता, पण तीसेक चाव्यांपैकी कुठली कशाची हे कोणाला ठाऊक नव्हतं. चावीवर काही खूण नाही. साऱ्या तालुक्याच्या ताटांवर नावं घालणाऱ्या माणसानं आपल्या चाव्यांवर एक अक्षर घातलेलं नव्हतं! मग भाषणं झाली. ‘अजातशत्रू’ हा शब्द पहिल्याच वक्त्यानं वापरला. मागं उभ्या माइकवाल्यानं मान हलवून नाही म्हटलं. त्याचं आणि भाऊंचं बिलावरून हाडवैर, वीस वर्षांचं. तो मात्र पैसे न घेता आला होता आणि आवाजही त्या दिवशी एकदाही किंचाळला नाही. ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ पाच जणांनी भरून काढली. एका माजी अध्यक्षांनी भाऊंवर सुरुवात केली आणि आपल्या कारकिर्दीतल्या सोळा उपक्रमांवर शेवट केला. त्या सोळाही उपक्रमांत सतरंज्या भाऊंनी घातल्या होत्या हे पाहता ते भाषणही भाऊंवरच होतं म्हणायला हरकत नाही.

खरी पंचाईत दोन मिनिटं स्तब्धतेला झाली. आमच्या क्लबात दोन मिनिटं म्हणजे भाऊंचा खोकला. गेलेला माणूस किती जवळचा होता ते बघून भाऊ पस्तीस सेकंदांपासून सव्वा मिनिटापर्यंत कुठेही खोकत, आणि खुर्च्या सरकत. आता सगळे माना खाली घालून उभे. घड्याळात बघणं वाईट दिसतं. पहिल्यांदा बसणं त्याहून वाईट. बाहेरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, परत आला. सचिवांनी अध्यक्षांकडे, अध्यक्षांनी फ्लेक्सकडे बघितलं. कोणाच्या तरी गुडघ्यानं कटकन आवाज केला. शेवटी माइकवाला, सभासद नसलेला तो, ठरवून खोकला. तो खोकला माइकमधून गेल्यामुळे चौकापर्यंत ऐकू आला. नंतर ट्रॅक्टरवाला सांगत होता, तो दोनदा वाशिम नाक्याला जाऊन आला.

पुढच्या आठवड्यात भाऊंच्या मुलानं एक डायरी आणून दिली. क्लबाच्या कोणत्या वस्तू कुणाकडे, याचा तो एकमेव हिशेब. ती वाचायला आम्ही तिघांची समिती नेमली, कारण अक्षर सुरेख असलं तरी त्यात आडनावं नव्हती. ‘हराळ. मावशी. वॉकर १. मावशी गेली. आता सुनेला लागते. असू दे.’ ‘मोप. कुबड्या २. वापस १. दुसरीचा गोठ्याच्या दाराला अडणा. मजबूत आहे.’ ‘रिठद. हवेची गादी पंक्चर. चौकातल्याकडून काढली. १० रु. मी.’ असे ‘मी’ पानापानावर होते. कोषाध्यक्ष बेरीज करू लागले, मग दोन पानांनंतर त्यांनी कॅल्क्युलेटर बंद करून खिशात टाकला.

एका पानावर क्लबाच्या स्वतःच्या सामानाची यादी निघाली. झेंडे, बॅनर, घंटा. पुढं लिहिलेलं : ‘घंटेचा हातोडा. अध्यक्षांकडे. वहिनी अक्रोड फोडतात. मागू नये. दुकानातला बत्ता चालतो.’ कोणते अध्यक्ष ते लिहिलेलं नव्हतं. समितीतले दोघं माजी अध्यक्ष होते आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होते. आम्ही कपाट उघडून घंटेची पेटी काढली. मखमली खाचेत हातोड्याच्या जागी खरोखरच पितळी बत्ता होता, दांड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. एवढी वर्षं आमच्या सगळ्या बैठका, पदग्रहणं आणि परवाची ती शोकसभा त्या बत्त्यावर सुरू झाल्या होत्या, आणि आवाज किती खणखणीत येतो म्हणून बाहेरगावच्या पाहुण्यांनी आमच्या घंटेची तारीफ केली होती.

बत्ता द्यायला दुकानावर गेलो. मुलानं वरच्या फळीकडे बोट केलं. तिथं एकटा खल पडून होता, धूळ खात.

“बाबा त्याले विकूच देत नव्हते,” तो म्हणाला. “गिऱ्हाईक आलं की म्हनत, बत्ता बाहेरगावी गेला हाये, येईन. आता मले सांगा काका, बत्त्याबिगर खल कोण घेईन?”

आम्हीच घेतला. बत्ता परत करून बैठक कशानं उघडायची हा प्रश्न होता, म्हणून ठराव करून, छापील किमतीला. त्याच्यावर क्लबाचं नाव घालून दे म्हटलं तर पोरगं पेन हातात घेऊन थबकलं, खाली काय लिहू म्हणून. त्यावर अजून एकमत व्हायचं आहे. खल ठेवायचा कुठं, हाही मुद्दा पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे. दरम्यान एका माजी अध्यक्षांकडून निरोप आलाय, की जागेची अडचण असेल तर आमच्याकडे ठेवा, वहिनी म्हणतात हातोड्यानं अक्रोडाचा नुसता भुगा होतो.